शिवकन्येची अकरा मिनिटं

मला राग लवकर येतो आणि लवकर जात नाही. पालमच्या बाजारगल्लीत एकोणीस वर्षं मी ब्लाउज शिवते आहे. माप द्यायला आलेल्या बायका आधी माझ्या तोंडाकडे बघतात आणि मगच हात वर करतात. म्हणून आधीच सांगून ठेवते, शिवकन्येची ही हकिकत मी शांतपणे सांगणार नाही. ती स्वतः सांगणार नाही आणि गावाला ती सांगण्यासारखी वाटत नाही. मग राहिलं कोण, तर मी.

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर पिठाची गिरणी आहे, त्या बन्सीधरची ही बायको. वय अडतीस-एकोणचाळीस. उंचीनं बुटकी, पण खांदे असे रुंद की तिच्या ब्लाउजला इतरांपेक्षा जास्त कापड काढून ठेवावं लागतं. मुलींच्या शाळेत ती कराटे शिकवते. गावात तिला 'फायटर बाई' म्हणतात, तोंडावर कौतुकानं आणि पाठीमागे चेष्टेनं.

तिचं माहेर गंगाखेडचं. वडील एका व्हिडिओ हॉलच्या दारावर तिकिटं फाडायचे. हॉल कसला, पत्र्याचं शेड, एक रंगीत टीव्ही, एक व्हीसीआर आणि खाली बसायला पोती. शनिवार-रविवार तिथं हिंदीत बोलणारे चिनी पिक्चर लागायचे. आई दुसऱ्यांच्या उसात खुरपायला जायची, पोरीला घरी एकटं कसं ठेवायचं, म्हणून वडील तिला बरोबर न्यायचे आणि दाराशी एका पोत्यावर बसवायचे. सात-आठ वर्षांची असल्यापासून तिनं ते पिक्चर किती बघितले याची गणतीच नाही.

बाकीचे लोक तिथं मारामारी बघायला यायचे. लाथ बसली की शिट्टी, आणि मध्ये कुणाची आई रडायला लागली की बिडी ओढायला बाहेर. शिवकन्या मात्र आई रडताना जागची हलायची नाही. तिनं मला हे कितीदा तरी समजावून सांगितलंय. त्या पिक्चरमध्ये भांडण नेहमी घरातलंच असतं. म्हातारा धाकट्याला गादी देतो म्हणून थोरला फितूर होतो. घर जळतं, बाप मरतो, पोरगा डोंगरावर जाऊन विद्या शिकतो, दहा वर्षांनी परत येतो, आणि ज्याला मारायला आला तो सख्खा चुलता निघतो. मारता मारता त्याला आठवतं की याच चुलत्याच्या खांद्यावर बसून आपण जत्रा बघितली होती. मग त्याची मूठ हवेत थांबते. शिवकन्या म्हणायची, त्या थांबलेल्या मुठीसाठी बाकीचा सगळा पिक्चर असतो. माणसं चिनी असली तरी भावकी आपलीच आहे, असं तिचं म्हणणं. मला ते पटलं. आमच्याकडे बांधावरून जी भांडणं होतात त्यात उड्या तेवढ्या नसतात, बाकी सगळं तेच असतं.

गोदावरीच्या वाळूत ती एकटीच लाथा मारायला शिकली. पुढं शाळेत कराटेचे एक सर आले, त्यांनी तिला रीतसर शिकवलं. परभणीला परीक्षा देऊन एकोणिसाव्या वर्षी ती ब्लॅक बेल्ट झाली. विसाव्या वर्षी लग्न करून पालमला आली आणि तो बेल्ट ट्रंकेत शालूच्या खाली गेला. सासू बायनाबाई, दीर परमेश्वर, गिरणी आणि चार-पाच वर्षांनी झालेली लेक गोदा, यात बारा वर्षं गेली. मग शाळेत मुलींना स्वसंरक्षण शिकवायची योजना आली आणि शिकवायला माणूस मिळेना, तेव्हा कुणाला तरी आठवलं की गिरणीवाल्याच्या बायकोला काहीतरी येतं. तिच्या वर्गातल्या पोरींचे पहिले पांढरे ड्रेस मी मांजरपाटाचे शिवले. दोन वर्षांत त्या पोरी जिल्ह्याला बक्षिसं घेऊन आल्या. बसस्टँडवर पोरींची छेड काढणाऱ्या एकाला त्यांनी एकदा चिखलात लोळवलं, त्यानंतर स्टँडवर शांतता आहे.

तर अशा बाईला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. एकदा, फक्त एकदा, पडद्यावर मारामारी करायची. पोरींना शिकवून तिचं समाधान होत नव्हतं, आणि ते ती लपवतही नव्हती. चाळिशीच्या आत झालं पाहिजे म्हणायची, नंतर पाय तेवढा वर जाणार नाही.

सिद्धोधन आमच्याकडे लग्नाची शूटिंगं करतो. माणूस कामाला चोख. बारसं, लग्न, वाढदिवसाचे बॅनर, गेलेल्या माणसाच्या श्रद्धांजलीचे फोटो, सगळं त्याच्याच दुकानात होतं. कॅमेऱ्याची पिशवी उसवली म्हणून तो माझ्याकडे आला होता आणि शिवकन्या तिथंच बसली होती. तिनं त्याला उभ्या उभ्या गोष्ट सांगितली. दोन भाऊ. धाकटा जमिनीसाठी थोरल्याचा जीव घेतो. थोरल्याची विधवा गप्प राहते, ट्रंकेतला बेल्ट काढते आणि खळ्यात आठ जणांशी भिडते. पण ते आठही जण घरचे आहेत, दीर, चुलत दीर, भाचे. प्रत्येकाला तिनं कधी ना कधी ताट वाढलेलं आहे. म्हणून मारायच्या आधी ती प्रत्येकाकडे एकदा बघते. सिद्धोधनची पिशवी शिवून झाली तरी तो उठला नाही. शेवटी म्हणाला, करू.

सात जण तालमीतले मिळाले. आठवा परमेश्वर, तो खलनायक व्हायला एका पायावर तयार झाला. थोरल्याच्या पोटात सुरा कसा खुपसायचा याची तालीम तो गिरणीच्या ओट्यावर करायचा आणि बायका दळण घ्यायला थांबलेल्या असताना त्यांना विचारायचा, बरं दिसतंय का. सख्खा भाऊ सख्ख्या भावाला मारतोय, पण त्यात कुणालाही अपशकुन वाटला नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढं मला याच गोष्टीचा सगळ्यात जास्त संताप आला.

अडलं ते मेलेल्या नवऱ्यापाशी. भिंतीवर त्याचा हार घातलेला फोटो लागणार होता. जित्या माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत, त्यामुळे गावात एक बाप्या फोटो द्यायला तयार होईना. तालमीतले सात पैलवान छातीवर लाथा खायला तयार होते, पण फोटो म्हटलं की त्यांना घरी विचारायचं असायचं. तेव्हा बन्सीधर आपणहून म्हणाला, माझाच लावा, नाहीतरी पिठानं मी निम्मा भूत झालोच आहे. बन्सीधर असा गमतीनं बोलणारा, बायकोला कधी अडवलं नाही असा माणूस होता. मला तो आवडायचा, म्हणून त्याचा राग आणखी जास्त येतो.

विधवा होण्याचा प्रसंग सिद्धोधनच्या दुकानामागच्या खोलीत घेतला. पांढरं लुगडं मी नेसवलं. सिद्धोधनचं म्हणणं होतं की कपाळावर मेकअप लावून कुंकू झाकू, मंगळसूत्र पदराखाली ढकलू. शिवकन्येला ते मान्य नव्हतं. लहानपणी पोत्यावर बसून बघताना खोटं रडणं तिला लगेच कळायचं, मग बघणाऱ्यांनाही कळेल. तिनं मंगळसूत्र काढून माझ्या हातात दिलं, बांगड्या उतरवल्या आणि ओल्या फडक्यानं कपाळ पुसलं. मी तिच्यासमोर उभी होते. माझं कपाळ आठ वर्षांपूर्वी चार बायकांनी मला धरून पुसलं होतं. शिवकन्येनं ते स्वतःच्या हातानं, कामासाठी पुसलं, आणि मला वाटलं, बाई, हे असंही करता येतं. त्या दिवशी मला बरं वाटलं होतं, हे कबूल करते.

खळ्यातली मारामारी नऊ दिवस चालली. सिद्धोधननं जोडून बघितली तर अकरा मिनिटं भरली. मी ती तीनदा बघितली. मोकळं कपाळ, मोकळे हात, आणि प्रत्येक लाथेच्या आधी ते एक क्षण बघणं. शेवटच्या दिराला पाडल्यावर ती त्याच्या तोंडाला पाणी लावते. मला पिक्चरमधलं काही कळत नाही. पण कापड हातात घेतलं की चांगलं कुठलं ते कळतं, तसं हे चांगलं होतं.

पिक्चर पूर्ण व्हायच्या आधी सिद्धोधननं लोकांना कळावं म्हणून अर्ध्या मिनिटाचा तुकडा सोडला. त्यात पहिल्यांदा बन्सीधरचा हारातला फोटो आणि मग शिवकन्येचं मोकळं कपाळ. घाईत त्यानं फोटोला चौकट लावली ती रोजच्या सवयीची, श्रद्धांजलीची, तीच समई, तीच फुलं. आमच्याकडे माणूस गेलं की सगळ्यांच्या मोबाईलवर हीच चौकट येते. जिंतूरला बायनाबाईच्या बहिणीनं ती बघितली आणि पुढचं काही बघायला ती थांबलीच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी एसटीतून ती आणि तिच्या दोन सुना उतरल्या, भाकरी-पिठल्याचा डबा घेऊन, आणि रीतीप्रमाणे गल्लीच्या तोंडापासूनच गळा काढत आल्या. गिरणीत आवाज ऐकून बन्सीधर काय झालं म्हणून बाहेर आला, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. धाकटी सून रस्त्यातच खाली बसली. मग हसणं, मग चहा, मग आणलेलं पिठलं सगळ्यांनी मिळून खाल्लं. बायनाबाईनं तर गल्लीभर साखर वाटली. मेल्याची खोटी बातमी आली की माणसाचं आयुष्य वाढतं म्हणतात. माझ्या हातावर साखर ठेवताना म्हातारीचा चेहरा उजळला होता. माझ्या लेकाला आता काही होत नाही, असं ती ज्याला त्याला सांगत होती.

सतरा दिवसांनी गिरणीचा पट्टा चालू मशीनवर तुटला आणि बन्सीधरच्या खांद्यावर बसला. हाड मोडलं. परभणीला नेलं, बांधलं, चौथ्या दिवशी घरी आणलं. जिवाला धोका नव्हता.

तो पट्टा सहा महिन्यांपासून विरलेला होता. बन्सीधरनं त्याला तारेचे टाके घातले होते. माझा धंदा टाके घालायचा आहे, मी दळण घ्यायला गेले तेव्हा चार जणांसमोर त्याला म्हणाले होते की हा टाका धरणार नाही, पट्टा बदल. तो म्हणाला, दिवाळीनंतर बघू. पण पट्ट्याला कोण दोष देणार. पट्ट्याला सासू नसते.

गल्ली बोलायला लागली ती शिवकन्येवर. हिनं हौसेनं कुंकू पुसलं, सवाष्ण बाईनं हातानं मंगळसूत्र उतरवलं, देव बघत नसतो का. महिन्याच्या आत ज्या बायकांनी साखर खाल्ली होती त्याच हे बोलत होत्या. आता मला सांगा, फोटोला हार घातला तर बाप्याचं आयुष्य वाढतं आणि बाईनं कपाळ पुसलं तर कमी होतं. म्हणजे हिशेब कुठूनही धरा, गुन्हेगार बाईच निघते. माझ्या दुकानात जी हे बोलली तिचं कापड मी परत दिलं. पाच जणींचं दिलं.

आठवड्यानं त्यांच्या घरी बैठक बसली. मला बोलावलं नव्हतं, मी गेले. बन्सीधर खाटेवर होता, खांदा बांधलेला. परमेश्वर आल्या आल्या सिद्धोधनवर घसरला. यांच्यात असलं काही पाळत नाहीत, त्यानंच वहिनीला नादी लावलं, असं म्हणाला. सिद्धोधन दारात उभा होता, त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं. कुंकू झाकायला त्यानंच सांगितलं होतं, हे शिवकन्येनं दोनदा सांगितलं, पण कुणी कानावर घेतलं नाही. ज्यानं आठ दिवस हौसेनं भावाला सुरा मारला तो परमेश्वर तिथं धर्म शिकवत होता. माझ्या अंगाची आग झाली.

मी म्हणाले, "अकरा वर्षं मी एक दिवस कपाळ मोकळं ठिवलं न्हाई. वडाला फेऱ्या मारल्या, सोमवार धरले. तरी माझा नवरा लोहा रोडला ट्रकखाली गेला. मी कोणत्या पिक्चरमधी काम केलं होतं ते सांगा." मग मी बायनाबाईकडे वळले. "आन तुमी, मावशी? तुमी तर पिक्चरच्या टाकीत पाऊलबी टाकलं नव्हतं. तुमचे मालक काहून गेले?"

बायनाबाईचा नवरा साप चावून गेला, तेव्हा तिची दोन्ही लेकरं शाळेतही जात नव्हती. मला वाटलं, लागलं वर्मी. तेवढ्यात परमेश्वर म्हणाला की आता सवाष्णीच्या घरात रांडमुंड बायांचा सल्ला घ्यायचा म्हटल्यावर झालंच. मी त्याला काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पुढं बायनाबाई रडायला लागली, आणि ते रडणं खोटं नव्हतं.

"राजेश्री, तू म्हणती ते आसंल बी," ती म्हणाली. "पर मी एकदा बघितलंय. मला पुन्यांदा न्हाई बघवायचं."

म्हातारीवर मला रागावता येईना, म्हणून मी बन्सीधरकडे बघितलं. सगळेच त्याच्याकडे बघत होते. फोटो त्याचा, मरण त्याचं, बायको त्याची. तो हसून एक वाक्य बोलला असता तर बैठक उठली असती.

शिवकन्येनं त्याला एवढंच विचारलं, "तुमालाबी तसंच वाटायलंय का?"

तो भिंतीकडे बघून म्हणाला, "शिवे, काढून टाक. मला झोप येईना झालीय."

बस. एवढ्यावर संपलं. बायनाबाईनं नातीला, गोदाला, जवळ ओढलं आणि शिवकन्येचा हात तिच्या डोक्यावर ठेवून वदवून घेतलं की मोकळ्या कपाळाचा एक तुकडा ठेवणार नाही. खळ्यातल्या सगळ्या अकरा मिनिटांत कपाळ मोकळंच होतं.

दुसऱ्या दिवशी सिद्धोधनच्या दुकानात ते पुसलं गेलं. परमेश्वर राखणीला आला होता, खात्री करायला. पुसायच्या आधी शिवकन्या म्हणाली, एकदा बघते. बसायला खुर्ची दिली तरी बसली नाही, अकरा मिनिटं उभ्यानं बघितलं. परमेश्वर तिच्या मागून बघत होता, आणि स्वतःची पडायची जागा आली तेव्हा हसला. म्हणाला, लय भारी पडलोय मी. मग सिद्धोधननं पुसलं. नंतर तो गुपचूप माझ्याकडे आला. दुसऱ्या डिस्कवर सगळं तसंच होतं, काय करू म्हणून विचारत होता. मी म्हणाले, ठेव, कुणाच्या बापाला कळतंय. पण त्यानं शिवकन्येला विचारलं, आणि तिनं तेही पुसायला लावलं. लेकीच्या डोक्यावर हात ठेवला होता म्हणे.

तेव्हा मी तिच्यावरही संतापले. आठ बाप्ये लोळवणारी बाई, आणि एका म्हातारीपुढं मान खाली घालून बसली. मी तिला घरी जाऊन तोंडावर सांगितलं. ती गव्हाचं निवडण करत होती, करतच राहिली.

म्हणाली, "ताई, त्या पिक्चरमधी बी घरातल्या मोठ्यापुढं कुणाचा हात उठत न्हाई. बाहेरच्याला मारता येतं. आईनं म्हणलं खाली बस, की तो बसतो. मी लहानपणापासून तेच बघितलं."

मी म्हणाले की मग तो पिक्चर चुकीचा होता. ती म्हणाली, आसंल. आणि सुपातले खडे उचलत राहिली. महिनाभर ती शाळा सोडून कुठं गेली नाही. मी माझ्या मशीनवर बसून त्या घराला जेवढ्या शिव्या येतात तेवढ्या दिल्या.

मग एके दिवशी ती दुकानात आली. बसली, पाणी प्याली आणि म्हणाली, गोष्ट बदललीय. नवरा मरणार नाही. बायको मरणार. लेक मोठी होऊन चुलत्यांशी भिडणार. लेकीचं काम गोदा करणार, बरोबर वर्गातल्या पोरी. कुणाचं कुंकू पुसायचं नाही, कुणाचं मंगळसूत्र उतरवायचं नाही. मी विचारलं, आणि मेलेल्या बायकोचा फोटो कुणाचा लावणार?

ती म्हणाली, "माझाच."

मी म्हटलं, आता बघू. आता हिची सासू काय म्हणते, दीर काय म्हणतो, गल्ली काय म्हणते. खरं सांगते, मला जरा आशा वाटत होती. जिती बाई, सवाष्ण, एका लेकराची आई, तिच्या फोटोला हार घालायचा म्हणजे कुणीतरी नको म्हणेलच की. नवरा तर म्हणेलच.

कुणीही म्हणालं नाही. परमेश्वरनं विचारलं की आपला रोल आहे ना, आणि आहे म्हटल्यावर खूश झाला. बन्सीधर तोपर्यंत बरा झाला होता, गिरणीला नवा पट्टा बसवला होता. त्यानं तोच खांदा उडवून सांगितलं, तुला बरं वाटंल तसं कर. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, ही गोष्ट चांगली, हिच्यात वंगाळ काही नाही. बाई मेली तर नवऱ्याच्या अंगावरून पुसायला काही नसतंच, तेव्हा कुणाला कसला घोर. आणि बायनाबाईला तर ती गोष्ट फारच आवडली. भरल्या कपाळानं नवऱ्याच्या आधी जायचं, याच्यापरीस दुसरं भाग्य काय, असं ती मला समजावत होती. मला नाही लाभलं, तुला नाही लाभलं, म्हणाली. हे बोलताना तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल माया होती, आणि म्हणून मला तिच्यावर ओरडताही येईना.

फोटो सिद्धोधननं काढला. मोठं कुंकू, नाकात नथ, डोक्यावर पदर, हिरवी साडी. फायटर बाई कुठं दिसतच नव्हती, कुणाचीही सून दिसावी तशी दिसत होती. ब्लाउज मी शिवलेलाच होता, पण पदरानं खांदे झाकले होते. शूटिंगच्या सकाळी बायनाबाईनं परसातली झेंडूची फुलं तोडली आणि स्वतः बसून हार ओवला. अगदी मन लावून, एक पिवळं, एक केशरी. गोदानं तो फोटोला घातला. सिद्धोधन कॅमेऱ्यामागून दोनदा माझ्याकडे बघत होता, बाई काहीतरी बोलेल म्हणून. मी सुई-दोरा घेऊन कोपऱ्यात बसले होते. माझ्याकडून शब्द निघाला नाही, याचा राग मला अजून स्वतःवर येतो.

पोरींची मारामारी चांगली झाली, नाही म्हणत नाही. गोदाचा पाय आईपेक्षा वर जातो. शिवकन्या कॅमेऱ्याच्या मागं उभं राहून त्यांना एकेक फटका सांगायची, आणि सांगताना तिची मूठ आपोआप वळायची. पण गोदा चौदा वर्षांची आहे. तिनं त्या आठ जणांना कधी ताट वाढलेलं नाही. मारायच्या आधी ते बघणं तिला जमलं नाही, आणि आईनं ते तिच्याकडून करूनही घेतलं नाही.

गेल्या महिन्यात शाळेच्या हॉलमध्ये दुपारी खिडक्यांना चादरी लावून पिक्चर दाखवला. पडदा मी दोन पांढऱ्या चादरी जोडून शिवला होता. गल्ली लोटली होती. परमेश्वर पहिल्या रांगेत पाय पसरून बसला, बन्सीधर त्याच्या शेजारी. बायनाबाई माझ्याजवळ चटईवर बसली. पोरींनी चुलत्यांना लोळवायला सुरुवात केली तेव्हा बायकांनी सुद्धा शिट्ट्या मारल्या. शेवटी सगळे पडले, आणि गोदा घरात जाऊन भिंतीवरच्या फोटोपुढं हात जोडून उभी राहिली. सबंध पडदाभर शिवकन्येचा चेहरा आला, भोवती झेंडूचा हार. हॉलमध्ये लोक डोळे पुसायला लागले. बन्सीधरही पुसत होता.

शिवकन्या आमच्या मागं भिंतीला टेकून उभी होती. बायनाबाईनं पदरानं डोळे टिपले आणि तिच्याकडे मान वळवून कौतुकानं म्हणाली, "बघ गं शिवकन्ये, हारात किती शोभायलीस."

शिवकन्या पडद्याकडे बघत म्हणाली, "व्हय, आत्या."